जुनी रायफल आणि नाहक आरोप

संपादक महाशय,


गतांकातील लेखात जुन्या स्वयंभरण रायफलींवर ठेवलेले आरोप वस्तुस्थितीस धरून नाहीत. वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यावर माझ्याकडे आलेल्या, महायुद्धपूर्व जर्मन बनावटीच्या .22 वाल्थर रायफलीस लेखक ‘छोटी मशिनगन’ म्हणतात. वस्तुतः चाप एकदा ओढला असता एकच गोळी सुटते, आणि बोल्टची मूठ खाली वळवून ठेवली की प्रत्येक काडतूस हातानेच चढवावे लागते.

वारसाहक्काने हवी तितकी शस्त्रे बाळगता येतात, हेही असत्य. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने मर्यादा दोन शस्त्रांची केली असून तीत वारशाची शस्त्रेही मोजली जातात. अशी रायफल बिबट्यावर चालवण्याचे म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यास संरक्षण आहे, आणि .22 ची गोळी त्यास केवळ जखमी करून गावाचा धोका वाढवील.

जुने म्हणजे धोक्याचे, हे तर सर्वस्वी अमान्य. नाणेघाटमाथ्यावरील पावसाळी धुक्यात ओल धरणाऱ्या कातडी म्यानाऐवजी कुलूपबंद कोरड्या कपाटात ठेवलेली, नळी मागील बाजूने पुसून तेलाचा पातळ हात दिलेली आणि जोरकस काडतुसांपासून दूर राखलेली रायफल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बिघडवते ती हयगय, वय नव्हे.

खुलासा प्रसिद्ध करावा.

आपला,
एक परवानाधारक
घाटघर, ता. जुन्नर