आधी मोजणी, मग पेरणी

सवय बदलायची म्हटलं की आपण एकमेकांना मन घट्ट करायला सांगतो. मला हा सल्ला अपुरा वाटतो, आणि तो अपुरा का, हे हिवरे बाजारकडे पाहिलं की कळतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे कमी पावसाचं गाव. १९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले तेव्हा गावात दुष्काळ होता, दारू होती, भांडणं होती. माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. पुढे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरउतारावर चर खणले, बंधारे झाले, विहिरींना पाणी आलं. इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे.

खरी कसोटी पाणी आल्यावर लागते. विहीर भरली की उसाचा मोह होणारच. शेजाऱ्याने बोअर मारलं की आपलाही हात शिवशिवणारच. अडवलेलं पाणी असंच उपसून संपवलेली गावं कमी नाहीत. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळीला नाही म्हटलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरींत पाणी किती, हे मोजायचं. मग ग्रामसभेत हिशेब: माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर रब्बीत काय आणि किती पेरायचं ते ठरवायचं.

इथे शेतकऱ्याला एकट्याने घरात बसून मोह आवरावा लागत नाही. आकडा सगळ्यांसमोर असतो आणि वाद घालायचा तर त्या आकड्याशी घालावा लागतो. पाऊस, मुरणं, उपसा यांचं शिक्षणही त्यातच होऊन जातं. पोपटराव स्वतः क्रिकेट खेळलेले. मला ते पुढाऱ्यापेक्षा प्रशिक्षकच जास्त वाटतात, कारण चूक कुठे होतेय हे ज्याचं त्याला दिसावं, अशी सोय त्यांनी गावात लावून दिली.

आपल्या कार्यालयांत मात्र बदलाचं प्रशिक्षण दोन दिवसांत उरकतं आणि सोमवारी सगळं पूर्ववत होतं. माणसं कामचुकार असतात म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. यंदा काय करायचं नाही, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. माझी मागणी साधी आहे. नव्या योजनांची यादी वाचण्याआधी हाताशी माणसांचे किती तास आहेत ते फळ्यावर लिहा. रजा, आजारपणं, रोजचं न टळणारं काम आधी वजा करा. उरलेल्या तासांत जी योजना बसत नाही ती त्याच बैठकीत, साहेबांसमोर, खोडून टाका.