नव्या मोंढ्याची पट्टी

नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या आडत बाजारात माल घालून परतलेला शेतकरी प्रथम पट्टी नीट पाहतो. भाव काय लागला, याहून हमाली, तोलाई आणि इतर कपात जाऊन हाती काय आले, हा त्याचा खरा प्रश्न असतो. ऑनलाइन बाजारात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी व बचत गटांतील भगिनींनी हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीस 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. असा माल थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकास विकावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु हिशेब पाहावा. दर कंपनीगणिक भिन्न असतात; पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. 500 रुपयांच्या पुड्यावर 8 टक्के दलाली म्हणजे 40 रुपये, दर विक्रीमागे ठराविक आकार 20 रुपये आणि वाहतूक 70 रुपये. या 130 रुपयांवर 18 टक्के जीएसटी 23 रुपये 40 पैसे. हाती उरतात 346 रुपये 60 पैसे. आठ टक्के म्हणून ऐकलेली कपात तीस टक्क्यांच्या वर गेली! पुडा 250 रुपयांचा असला, तरी ठराविक आकार निम्मा होत नाही. शिवाय कपातीवरील जीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्यास मिळू शकते. नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यास तो भार स्वतःच सोसावा लागतो.

मीशोने 2021 मध्ये विक्रेत्यांची दलाली शून्यावर आणली. ॲमेझॉननेही 2025 मध्ये 300 रुपयांखालील अनेक वस्तूंवरील दलाली रद्द केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु दलाली गेली म्हणजे वाहतुकीचा व जाहिरातीचा खर्च गेला, असे नव्हे.

आमचा आक्षेप शुल्काला नाही. दूरचे गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्यास मोबदला मिळालाच पाहिजे. आक्षेप आहे तो एकतर्फी दरनिश्चितीला. बाजार समित्यांचे दोष सर्वश्रुत आहेत. तरीही महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याने बाजार शुल्काचा भार खरेदीदारावर टाकला आणि समित्यांत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना स्थान दिले. कपात किती व कोणाकडून, हा सार्वजनिक प्रश्न ठरला, हे त्या कायद्याचे मोल होय. नव्या मोंढ्यात मात्र जागेचा धनीच दर ठरवतो व बदलतो.

युरोपीय संघाने 2019 च्या नियमाने अटी बदलण्यापूर्वी विक्रेत्यास किमान 15 दिवसांची सूचना बंधनकारक केली. आपल्याकडील 2020 च्या ई-कॉमर्स नियमांचा मुख्य रोख ग्राहकहिताकडे आहे. विक्रेत्याच्या हिताचाही तितकाच विचार व्हावा. विक्रीपूर्वीच संपूर्ण कपातीची सुबोध मराठी पट्टी आणि दरवाढीची आगाऊ सूचना, एवढी मागणी अवाजवी नाही. तोवर, माल मांडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणे, हाच लहान विक्रेत्याचा तरणोपाय आहे.