नाकाच्या भरवशावर

घरातल्या गॅसचा विषय काढला की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत एकच उत्तर मिळते: “गळती झाली तर वास येईलच की!” हे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही. मूळ गॅसला वास नसतो. त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, तेही अशा बेताने की पेट घेण्याइतका गॅस साठण्याआधी, त्याच्या पाचव्या हिश्शालाच वास यावा. व्यवस्था चोख आहे. पण ती ज्या नाकावर उभी आहे, ते नाक आपल्याकडे कोणत्या हवेत वावरते?

नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनी नदीत टँकरने रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या वडोलगाव भागातली शेकडो माणसे गुदमरून रुग्णालयात गेली. सप्टेंबर 2024 मध्ये अंबरनाथमध्ये रासायनिक धूर पसरला, लोकांचे डोळे चुरचुरले, घसे खवखवले. या मोठ्या घटना झाल्या. एरवीही रात्री उग्र दर्प आला की “एमआयडीसीने सोडला वाटतं” म्हणत आपण खिडकी लावून घेतो आणि कूस बदलतो. नेमक्या त्याच रात्री घरात नळी गळत असेल, तर बाहेरचा वास समजून आतला गॅस आपण स्वतःच कोंडलेला असतो. शिवाय एकच वास बराच वेळ घेत राहिले की तो जाणवेनासा होतो, आणि गाढ झोपलेल्याला तर तो कळेल याची काहीच खात्री नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका खोलीच्या घरात माणसे निजतात तीही जमिनीवरच.

नव्या इमारतींतला युक्तिवाद वेगळा: “आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, तो हलका, उडून जातो.” हलका आहे, मान्य. पण उडून जायला वाट हवी ना! ताबा मिळाला की पहिले काम काय होते, तर ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती स्वयंपाकघरात घेणे. मग हाच हलका गॅस छताखाली साठतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. पाइपच्या गॅसचा दाब कमी, म्हणून शेगडीचे जेट मोठ्या भोकाचे बसवतात. तीच शेगडी पुढे जेट न बदलता सिलिंडरला जोडली की ज्योत पिवळी, उंच आणि काजळी धरणारी निघते.

पण सर्वांत जास्त संताप येतो तो बाथरूममधल्या गॅस गिझरचा. तिथे वासाचा मुद्दा पुरता कोसळतो. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत आंघोळीला गेलेली पंधरा वर्षांची मुलगी बेशुद्ध सापडली. ती वाचली नाही. “एग्झॉस्ट पंखा आहे की,” असे यावर सांगतात. पंखा हवा बाहेर फेकतो, पण दार-खिडकी बंद असेल तर ताजी हवा आत येणार कुठून? गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावायचा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा. खर्च फार तर त्या पाइपाचा.

मग भरवसा ठेवायचा कशावर? रोजच्या हाताच्या सवयीवर. रात्री शेगडीची बटणेच नव्हे, रेग्युलेटरही बंद करावा. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. कडाप्प्याच्या भोकातून जाते तिथे ती घासलेली असते, तेलकट झालेली असते, कधी उंदराने कुरतडलेली असते. तिथे बोट फिरवून बघावे. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून कधीच नाही. वास आलाच तर विजेचे एकही बटण न दाबता गॅस बंद करून, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच सिलिंडरसाठी 1906 ला फोन करावा. पाइपवाल्यांना महानगर गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर सापडेल.

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवर तासन् तास भांडणे होतात. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक प्रश्न घालायला सचिवांना सांगा: आपल्या इमारतीत किती गिझर अजून बाथरूमच्या आत आहेत, आणि ते बाहेर कधी निघणार?