'मॉडरेट' म्हणजे किती?

विषय जरा किळसवाणा आहे, जेवताना वाचू नका. पण आयसीयूची वेळ आज ना उद्या प्रत्येकाच्या घरी येते, म्हणून लिहितोय.

श्वासनळीत नळी घातलेल्या पेशंटला खोकून कफ बाहेर काढता येत नाही. सिस्टर तो सक्शनने ओढून काढतात आणि चार्टवर नोंद करतात. नात्यातल्या एकाच्या आजारपणात असा चार्ट बघायला मिळाला. सकाळी 'मॉडरेट', दुपारी 'मॉडरेट', रात्री 'मॉडरेट प्लस'. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कफ वाढलाय का? चार्ट हातात असून कुणालाच सांगता येईना! सकाळच्या सिस्टरचं मॉडरेट आणि रात्रीच्या सिस्टरचं मॉडरेट एकच कशावरून?

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला कापूस घ्या. हमीभावाने विकायला नेला की ओलावा यंत्राने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला असला तर गाडी परत. तिथे "कापूस मध्यम ओला आहे" असं म्हणून बघा, शेतकरी अंगावर येईल. मग माणसाच्या छातीतल्या कफाला मात्र मोघम शब्द का चालतो?

मोजता येत नाही, असं कुणी म्हणेल. पण याच कफाची थुंकी क्षयरोगाच्या तपासणीला गेली की तिची प्रतवारी होते. सूक्ष्मदर्शकाखाली १०० क्षेत्रांत १ ते ९ जंतू दिसले तर 'स्कँटी', आणि तिथेही आकडा लिहायचा. १० ते ९९ दिसले तर '१+'. पुढे '२+', '३+'. नेरच्या तंत्रज्ञाचा '२+' मुंबईच्या डॉक्टरला तसाच कळतो. बेशुद्धीचंही तेच. पूर्वी 'अर्धवट शुद्धीत', 'गुंगीत' असं ज्याला जे सुचेल ते लिहीत. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी मोजपट्टी दिली आणि जगाने ती उचलली.

कफालाही चार रकाने पुरेत. रंग: पांढरा, पिवळा, हिरवा, गंजासारखा, रक्तमिश्रित, गुलाबी फेसाळ. घट्टपणा: सक्शनची नळी आतून स्वच्छ राहते, की कफ चिकटून पाण्याने निघतो, की पाण्यानेही निघत नाही. प्रमाण: पाळीत किती वेळा सक्शन करावं लागलं. आणि वास. कफ घट्ट होत चालला तर नळी तुंबून जीव जाऊ शकतो. गुलाबी फेस म्हणजे फुफ्फुसात पाणी भरल्याची खूण असू शकते. नुसत्या हिरव्या रंगावरून अँटिबायोटिक सुरू करू नये हे खरं, पण काल पांढरा होता आणि आज हिरवा झाला, हे डॉक्टरांना कळायला तर हवं!

"सिस्टरना आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यात हे!" हा आक्षेप मला मान्य नाही. सिस्टरवर कामाचा डोंगर आहे हे शंभर टक्के खरं. पण 'मॉडरेट' लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून छापील रकान्यात चार खुणा करायला फार जास्त लागत नाही. उलट पाळी बदलताना तोंडी सांगायचा वेळ वाचतो, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर नेमकी नोंद सिस्टरच्याच पाठीशी उभी राहते. माझा राग सिस्टरवर नाहीच. चार्टवर एक कोरी रेघ छापून मोकळं होणाऱ्यांवर आहे.

आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. 'बरा', 'ठीक' असे शेरे वहीत चालतात, बोर्डाच्या पेपरला गुणच द्यावे लागतात. कारण तिथे तपासणारा एक नसतो, आणि मुलाचं भवितव्य त्यावर ठरतं. आयसीयूतही तपासणारे दिवसातून तीनदा बदलतात, आणि पणाला लागलेला असतो तो जीव.

तेव्हा मागणी साधी आहे. नर्सिंगचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने हे शब्द आणि त्यांचे अर्थ एकदाचे ठरवून द्यावेत. तोवर प्रत्येक रुग्णालयाने निदान आपल्यापुरता तक्ता भिंतीवर लावावा. त्याला कागदाच्या एका पानापलीकडे खर्च नाही.

तुमच्या घरात कुणी सिस्टर असतील तर त्यांना एवढंच विचारा: तुमचं 'मॉडरेट' म्हणजे नेमकं किती? आणि मग त्यांच्याच वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरना विचारा.