सुक्याबरोबर ओलेही जळते, पण कोणाच्या खर्चाने?

निवडणुका जवळ आल्या की महाराज बाड्यावर जी आश्वासने ऐकू येतात, त्यांत गेल्या काही वर्षांत एकाची भर पडली आहे. शहराचा सगळा कचरा भट्टीत घालू, त्याची वीज करू आणि केदारपूरचा डोंगर नाहीसा करू, असे हे आश्वासन आहे. ऐकायला गोड आहे. टाळ्याही मिळतात. नगर निगमाच्या परिषदेची निवडणूक २०२२ साली झाली, म्हणजे २०२७ मध्ये पुन्हा हीच वाक्ये आपल्या कानी पडणार. त्याआधी आमच्या वाचकांनी या भट्टीचा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

ज्यांच्या घरी पहाटे तांब्याचा बंब पेटत असे, असे आमचे कितीतरी वाचक आहेत. पावसाळ्यात वखारीतून ओले लाकूड आले तर आपल्या आज्या ते तसेच चुलीत सारत नसत. ते चुलीच्या कडेला रचून ठेवत. आजच्या जाळाची ऊब लागून ते उद्यापर्यंत वाळे, आणि मगच त्याची पाळी येई. घाई करून ओलेच कोंबले तर घरभर धूर, डोळ्यांत पाणी आणि बंबातले पाणी कोमटच. ओले इंधन जाळण्याचे सारे शास्त्र या एका रीतीत आहे : आधी वाया जाणाऱ्या उष्णतेने वाळवा, मग जाळा.

आता आकड्यांचा हिशेब पाहू. तो शाळेतल्या मुलालाही जमेल. मंडईच्या, हॉटेलांच्या आणि घरांच्या मिसळलेल्या कचऱ्याचा एक किलो घ्या. त्यात ६०० ग्रॅम पाणी, १५० ग्रॅम माती व राख आणि २५० ग्रॅम खरोखर जळणारा पदार्थ आहे असे धरा. या २५० ग्रॅमांतून सुमारे १००० किलोकॅलरी उष्णता मिळेल. पण ते ६०० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायलाच सुमारे ३७० किलोकॅलरी लागतील, आणि ती वाफ चिमणीतून निघून जाईल. हाती उरल्या ६३०. जागतिक बँकेच्या मार्गदर्शिकेनुसार शहरी कचऱ्याची भट्टी चालवायची तर कोणत्याही ऋतूत किलोमागे किमान १४०० किलोकॅलरींच्या वर उष्णता हवी. आपण निम्म्यावरही नाही! याउलट तोच कचरा घरीच वेगळा झाला आणि भट्टीकडे फक्त सुका भाग गेला, त्यात २०० ग्रॅम पाणी आणि १०० ग्रॅम राख एवढेच असले, तर किलोमागे २६०० च्या वर उष्णता हाती लागते. भट्टी तीच, शहर तेच, फरक चौपट.

हा कागदी हिशेब आहे असे कोणी म्हणेल, म्हणून दिल्लीचे उदाहरण देतो. तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्राने रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज काढणारा कारखाना उभा राहिला. किलोमागे सुमारे साडेचौदाशे किलोकॅलरी मिळतील असे गृहीत धरून तो आखलेला होता. प्रत्यक्षात दिल्लीच्या ओल्या, मातकट कचऱ्याने दिल्या सहाशे-सातशे. भट्टी जेमतेम काही दिवस चालली आणि १९९० साली कायमची बंद झाली. कोट्यवधी रुपये मातीत गेले. डेन्मार्कची भट्टी वाईट नव्हती, ती डेन्मार्कच्या कचऱ्यासाठी केलेली होती. शेजाऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवून आणला आणि आपल्या अंगाला बसला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मग ओले इंधन नीट जळतच नाही काय? जळते, आणि आपल्या मराठी मुलखात दर हंगामात जळते. कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत घाण्यातून निघालेले चिपाड जवळजवळ निम्मे पाणीच असते, तरी त्यावरच बॉयलर चालतात आणि उरलेली वीज विकलीही जाते. हे कसे साधते? जुन्या भट्ट्यांत चिपाडाच्या ढिगावर भाजक्या विटांची कमान असे. कमान लाल तापली की तिची धग खालच्या ओल्या ढिगावर परते आणि तो वाळू लागे. काही भट्ट्यांत पायऱ्यांची उतरती जाळी असते. वरच्या पायरीवर इंधन वाळते, मधल्या पायऱ्यांवर पेटते, तळाशी फक्त राख पोहोचते. पुढच्या काळात चिपाड हवेच्या झोताने भट्टीत फेकण्याची सोय आली, त्यामुळे ते उडता उडताच वाळून पेट घेते. चिमणीकडे जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर आत जाणारी हवा तापवून घेतात आणि अर्धवट जळलेला वायू पेटावा म्हणून वरच्या बाजूनेही हवा सोडतात. नीट पाहिले तर ही आजीच्या चुलीचीच मोठी आवृत्ती आहे. साधा गुऱ्हाळवालासुद्धा चिपाड आवारात पसरून उन्हात वाळवतो आणि मगच चुलाणात घालतो. त्याला कोणी सल्लागार नेमावा लागला नाही.

पण साखर कारखान्याला हे साधते याचे कारण त्याचे इंधन एकच असते. आज जेवढा ओलावा तेवढाच उद्या, राख अगदी थोडी, आणि इंधन घाण्यातून थेट भट्टीशी. भट्टी आखणाऱ्याला नेमके माप मिळते. आपल्या लष्कराचा कचरा कसा असतो? छत्री मंडीची सडकी पालेभाजी, दाल बाजारातली फाटकी पोती, सराफ्यातली खोकी, बाड्याभोवतीच्या रसवाल्यांचे चिपाड, लग्नघरचे उष्टे, झाडलोटीची धूळ आणि या सगळ्यावर आषाढाचा पाऊस. मे महिन्यातला कचरा आणि जुलैतला कचरा ही दोन वेगळी इंधने आहेत. ज्याचे माप रोज बदलते त्यासाठी भट्टी कोणत्या मापाची बांधणार?

आमचे विरोधक जबलपूरकडे बोट दाखवतील. कठौंदा येथे रोज ६०० टनांचा प्रकल्प २०१६ साली सुरू झाला, मग ग्वाल्हेरला का नको? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून आम्ही पुढे जाणार नाही. आजच्या भट्ट्या तिमारपूरपेक्षा पुष्कळ सुधारलेल्या आहेत. कचरा आधी खोल हौदात काही दिवस मुरवून त्याचे पाणी निथळू देतात, सरकत्या जाळीवर तापल्या हवेने वाळवतात. शहराच्या कचऱ्यात प्लास्टिकही वाढले आहे, त्यामुळे उष्णता जास्त मिळते. पण म्हणजे काय झाले? जळते ते सुकेच, प्लास्टिक आणि कागद! ओले त्याच्या उष्णतेवर फुकट वाफ होऊन जाते. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण आपण हळहळून वापरतो. या भट्ट्यांनी तिचाच धंदा केला आहे. जो कागद पुन्हा कागद झाला असता आणि ज्या भाजीपाल्याचे खत झाले असते, ते दोन्ही एका आगीत गेले. त्याचा खर्च वीजदरातून आणि कचरा-करातून आपणच भरायचा.

जपानपेक्षा जास्त कचरा भट्टीत घालणारे देश थोडेच आहेत. तिथल्या अनेक नगरपालिका घरोघरी सांगत असतात की स्वयंपाकघरातला कचरा टाकण्यापूर्वी पिळून त्याचे पाणी काढा. एवढ्या उत्तम भट्ट्या असूनही त्यांना ओलावा भट्टीत सोडवत नाही. आणि आम्ही मात्र सगळे एकत्र करून गाडीत टाकायचे आणि चमत्काराची वाट पाहायची!

ही नुसती पैशाची गोष्ट नाही. ओल्या इंधनाने भट्टीचे तापमान उतरते, आणि उतरलेल्या तापमानात प्लास्टिक जळले की विषारी वायू तयार होतात. म्हणूनच युरोपात धूर किमान ८५० अंशांवर दोन सेकंद राहिला पाहिजे असा नियम आहे, आणि आपल्याकडच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी दुहेरी कक्षाच्या भट्टीला दुसऱ्या कक्षात ९५० अंश ठरवून दिले. जुलैतल्या चिखलकचऱ्यावर हे तापमान टिकवायचे तर तेल ओतत बसावे लागेल. तेल महाग झाले की रात्री कोण बघायला जातो? त्याच २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातील शहरांच्या हवेची यादी काढली. सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत आपले ग्वाल्हेर इराणच्या झाबोलखालोखाल जगात दुसरे होते. तानसेनाच्या शहराला हा लौकिक शोभतो काय? ज्या शहराचा श्वास आधीच कोंडलेला आहे त्याच्या उशाशी कच्ची भट्टी आम्हाला नको.

मग ओल्याचे करायचे काय? ओले जाळायचे नाही, कुजवायचे. बंद टाकीत त्याचा गॅस होतो आणि तिथे पाणी शत्रू न ठरता उपयोगी पडते. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली स्वयंपाकघरातल्या उष्ट्याखरकट्यावर चालणारे छोटे गॅससंयंत्र घडवले आणि २००६ साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. होळकरांच्या इंदुरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. आणि आपल्याच लाल टिपारा गोशाळेत २ ऑक्टोबर २०२४ पासून शेणावर गॅस करण्याचा रोज १०० टनांचा प्रकल्प आहे. म्हणजे विद्या गावातच आहे. इंदूरला जे जमले त्याचे रहस्य यंत्रात शोधू नका. तिथे आधी घराघरांत ओले-सुके वेगळे झाले, मग यंत्र आले. शिंद्यांच्या राजधानीने होळकरांच्या राजधानीकडून एवढे शिकायला हरकत नसावी.

तेव्हा मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आम्ही तीन गोष्टी विचारणार आहोत. पहिली : भट्टीचा करार करण्याआधी उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंत शहराच्या कचऱ्याचा ओलावा, राख आणि उष्णता मोजून आकडे जाहीर करणार काय? दुसरी : मंडया, हॉटेले आणि मंगल कार्यालये यांचा ओला कचरा वेगळ्या गाडीने थेट गॅसच्या टाकीकडे नेणार काय? तिसरी : भट्टी झालीच तर तिच्यात फक्त निवडलेला, पुन्हा न वापरता येणारा सुका कचराच जाईल आणि तिचे तापमान बाड्यावरच्या फलकावर रोज दिसेल, असे करारात लिहिणार काय? ‘बघू’ हे उत्तर आम्ही नकार समजू.

आणि आता थोडे आपल्याविषयी. संस्थानच्या काळी बाडा कसा लख्ख असे, हे सांगण्यात आपली जुनी घराणी रमतात. पण सकाळी गाडी आली की चहाचा चोथा, निर्माल्य, दुधाच्या पिशव्या आणि संपलेले सेल एकाच पिशवीत बांधून देणारे हातही आपलेच असतात. गणपतीत आणि मंगळागौरीला पत्रीचा ढीग प्लास्टिकसकट जातो. हिवाळ्यात गल्लीच्या शेकोटीत चप्पल, टायर काय वाटेल ते घातले जाते आणि आपण खिडकी लावून घेतो. ज्या घरात पानात डावे-उजवे चुकले तर आजी रागावत असे, त्या घराला ओले-सुके वेगळे ठेवणे जड का जावे? नगर निगमाला जाब विचारायचा हक्क आम्हाला हवा असेल तर आधी आपली मोरी आणि आपला उंबरठा तपासावा लागेल.

ओलावा घरी उतरला तर भट्टी लहान पुरेल, धूर कमी होईल आणि पैसा वाचेल. तो घरी उतरला नाही तर कितीही कोटींची भट्टी आणा, ती आपल्या डोळ्यांत पाणीच आणील. फुंकणी घेऊन बसायची पाळी मात्र तेव्हा आपल्या नातवंडांवर येईल.