मधल्या क्षणाचे तापमान

भौतिकशास्त्राचे शिक्षक रजेवर असल्याने अकरावीचा तास मजकडे आला. विषय होता जूलने १८४५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. तांब्याची दोन पात्रे नळीने जोडून पाण्यात बुडविलेली. एकात वातावरणाच्या सुमारे २२ पट दाबाची हवा, दुसरे निर्वात. तोटी उघडली, हवा पसरली. पाण्याच्या तापमानात फरक आढळला नाही. पोकळीत शिरताना विरोध करणारे कोणी नाही, म्हणून हवेला कार्य करावे लागले नाही. मी फळ्यावर आरंभ व अंत असे दोन बिंदू काढून रेषेने जोडले.

"सर, हवा धावत असताना तिचे तापमान किती?" एका मुलीने विचारले. मी पडलो मराठीचा माणूस. उद्या सांगतो म्हणालो.

रात्री वाचताना कळले, की जूलने हीच पात्रे निरनिराळ्या पाण्यात ठेवूनही पाहिले होते. भरलेल्या पात्राभोवतीचे पाणी निवले, रित्याभोवतीचे जवळजवळ तितकेच तापले. एकाच पाण्यात हा जमाखर्च परस्पर मिटला होता! धावत्या हवेला सर्वत्र मिळून एकच दाब वा एकच तापमान नसते. समतोल आल्यावरच ते सांगता येते.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "बाळ, तुझ्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही." फळ्यावरचे दोन बिंदू ठेवले आणि मधली रेषा पुसली.