विश्लेषण : ब्रिटनमध्ये कमावलेली पेन्शन भारतात आल्यावर का गोठते?

ब्रिटनमध्ये पंचवीस-तीस वर्षे नोकरी करायची आणि निवृत्तीनंतर पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा गोव्यात परतायचे, असा बेत अनेक मराठी कुटुंबे आखतात. पौंडात मिळणारी पेन्शन आणि रुपयात होणारा खर्च, हे गणित कागदावर छान दिसते. मात्र ब्रिटनमधून मिळणारी पेन्शन एकच नसते. एक सरकारकडून येते, दुसरी नोकरीतून. देश सोडला की या दोन्हींचे नियम वेगवेगळ्या वाटेने जातात. हा फरक लक्षात न घेता बेत आखला, तर निवृत्तीच्या पंधराव्या-विसाव्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागते.

दोन पेन्शन कोणत्या?

पहिली स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन. पगारातून कापल्या जाणाऱ्या नॅशनल इन्शुरन्सच्या नोंदीवर ती ठरते. ६ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या पद्धतीत किमान १० वर्षांची नोंद असेल तरच पेन्शन मिळते. पूर्ण पेन्शनसाठी साधारणपणे ३५ वर्षे लागतात. २०२६-२७ या वर्षासाठी पूर्ण पेन्शनचा दर आठवड्याला २४१.३० पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे १२,५४८ पौंड आहे. पेन्शनचे वय ६६ होते. ते २०२६ ते २०२८ या काळात टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे.

दुसरी वर्कप्लेस पेन्शन, म्हणजे नोकरीतून मिळणारी. २०१२ पासून ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्यांना अशा योजनेत आपोआप सामील करून घेण्याची पद्धत सुरू झाली. पात्र पगाराच्या किमान ८ टक्के रक्कम दरमहा जमा होते आणि त्यातले किमान ३ टक्के कंपनी भरते. आपल्याकडच्या भविष्य निर्वाह निधीसारखी ही स्वतःच्या नावावरची पुंजी असते. फरक एवढाच, की ती बाजारात गुंतवली जाते आणि त्यावर ठरलेले व्याज नसते. एनएचएससारख्या सार्वजनिक सेवांमध्ये मात्र पगार आणि सेवेच्या वर्षांवरून ठरणारी, आयुष्यभर मिळणारी पेन्शन असते.

स्टेट पेन्शन भारतात मिळते का?

मिळते. जगात कुठेही राहिले तरी मिळते आणि भारतातल्या बँक खात्यातही जमा करून घेता येते. अडचण आहे ती दरवर्षीच्या वाढीची.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची स्टेट पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. महागाई, सरासरी पगारवाढ आणि २.५ टक्के यांपैकी जे सर्वाधिक, तेवढी वाढ मिळते. याला 'ट्रिपल लॉक' म्हणतात. एप्रिल २०२६ मध्ये ही वाढ ४.८ टक्के होती. परदेशात राहणाऱ्यांना ही वाढ मात्र सरसकट मिळत नाही. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देश, स्वित्झर्लंड आणि ज्यांच्याशी ब्रिटनचा तसा करार आहे असे देश, उदाहरणार्थ अमेरिका, फिलिपिन्स, इस्रायल, तुर्किये, मॉरिशस, एवढ्यांनाच ती लागू होते.

भारत या यादीत नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि पाकिस्तानही नाहीत. अशा देशात राहणाऱ्याची स्टेट पेन्शन ज्या दराने सुरू झाली, त्याच दरावर थांबते. आधी ब्रिटनमध्ये पेन्शन घेऊन नंतर स्थलांतर केले असेल, तर स्थलांतराच्या वेळचा दर कायम राहतो. जगभरात साडेचार लाखांच्या आसपास निवृत्त लोक या 'गोठलेल्या पेन्शन'वर आहेत.

सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो, पण ईपीएस-९५ च्या पेन्शनरला मिळत नाही. हा फरक महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. स्टेट पेन्शन भारतात आली की तिचे नेमके तेच होते. पेन्शन सुरू राहते, महागाई भत्ता जातो.

फरक किती पडतो?

समजा, दोन सहकारी एप्रिल २०१६ मध्ये एकाच वेळी निवृत्त झाले. दोघांचीही नोंद पूर्ण, दोघांनाही आठवड्याला १५५.६५ पौंड. एक मुलीकडे न्यू जर्सीला गेला, दुसरा पुण्यात परतला. दहा वर्षांनी न्यू जर्सीतल्या पेन्शनरला आठवड्याला २४१.३० पौंड मिळतात, पुण्यातल्याला मात्र १५५.६५ पौंडच. वर्षाचा फरक सुमारे ४,४५० पौंड. दोघांनी भरलेली वर्गणी सारखीच होती. वेगळा आहे तो फक्त पत्ता.

पौंड महाग होत असल्याने रुपयात नुकसान होत नाही, असे म्हटले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. २०१० मध्ये जुन्या पद्धतीची पूर्ण मूळ पेन्शन ९७.६५ पौंड होती आणि पौंड सुमारे ७० रुपयांना होता. म्हणजे आठवड्याला साधारण ६,८०० रुपये. २०२५ मध्ये पौंड ११५ रुपये धरला, तर त्याच गोठलेल्या पेन्शनचे सुमारे ११,२०० रुपये झाले. वाढ साठ-पासष्ट टक्क्यांची. याच काळात भारतातली किरकोळ महागाई मात्र दुपटीहून जास्त वाढली. वाढ मिळत राहिली असती, तर ती पेन्शन १७६.४५ पौंड, म्हणजे आठवड्याला २०,००० रुपयांच्या वर गेली असती. विनिमय दराने थोडे सावरले, पण तो कोणत्याही सरकारने दिलेला शब्द नाही. पौंड घसरला, तर तेही राहत नाही.

ब्रिटन सरकारचे म्हणणे काय?

ज्या देशांशी कायदेशीर करार आहे, तिथेच वाढ द्यायची, हे अनेक दशकांचे धोरण असल्याचे सरकार सांगते. वाढीचे दर ब्रिटनमधल्या महागाईवर आणि पगारांवर ठरतात. त्यामुळे त्या वाढीवर तिथे राहणाऱ्यांचा पहिला हक्क, असा युक्तिवाद केला जातो. सर्वांना वाढ देण्याचा खर्चही मोठा आहे.

पेन्शनरांचे उत्तर असे, की वर्गणी भरताना कुणीही कुठे राहणार हे विचारले नव्हते. शिवाय परदेशात गेलेला म्हातारा माणूस एनएचएसवरचा भार कमीच करतो. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ॲनेट कार्सन यांनी हा वाद न्यायालयात नेला. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आणि २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात निकाल विरोधात गेला. नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी केवळ पेन्शनसाठी नसते आणि परदेशातले पेन्शनर व देशातले पेन्शनर यांची परिस्थिती सारखी मानता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने म्हटले. त्यामुळे आता हा प्रश्न न्यायालयाऐवजी संसदेच्या आणि दोन देशांमधील करारांच्या हातात आहे.

भारत-ब्रिटन व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, तेव्हा हा प्रश्न सुटला असा अनेकांचा समज झाला. त्यासोबत ठरलेली सामाजिक सुरक्षेची तरतूद वेगळी आहे. कंपनीने ठरावीक काळासाठी ब्रिटनला पाठवलेल्या कर्मचाऱ्याला दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागू नये, एवढ्यापुरती ती आहे. निवृत्तांच्या स्टेट पेन्शनमध्ये वाढ देण्याशी तिचा संबंध नाही.

वर्कप्लेस पेन्शनचे काय होते?

इथे देशाचा प्रश्न येत नाही, योजनेच्या नियमांचा येतो. एनएचएस किंवा अन्य सार्वजनिक सेवेची पेन्शन महागाईनुसार वाढते आणि भारतात राहिल्याने ती वाढ थांबत नाही. एकाच घरात स्टेट पेन्शन गोठलेली आणि एनएचएस पेन्शन वाढती, असे चित्र त्यामुळेच दिसते.

स्वतःची पुंजी असेल, तर सध्या ५५ व्या वर्षापासून, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७ व्या वर्षापासून ती काढता येते. पुंजी गुंतवून ठेवून लागेल तशी काढायची, की विमा कंपनीकडून आयुष्यभराची ॲन्युइटी घ्यायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. एक सापळा मात्र इथेही आहे. दरवर्षी न वाढणारी ॲन्युइटी सुरुवातीला जास्त रक्कम देते, म्हणून ती आकर्षक वाटते. पण स्टेट पेन्शन आधीच गोठलेली असताना ही ॲन्युइटीही न वाढणारी घेतली, तर दोन्ही उत्पन्ने महागाईपुढे उघडी पडतात. भारतात परतणाऱ्याने निदान दुसरे उत्पन्न वाढते राहील, हे पाहायला हवे.

मृत्यूनंतरचा फरकही मोठा आहे. नवी स्टेट पेन्शन बहुतेक वेळा त्या व्यक्तीबरोबर संपते. उरलेली पुंजी मात्र वारसांना मिळू शकते.

थोडी वर्षे काम करून परतलेल्यांचे काय?

पुणे-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून चार-पाच वर्षांसाठी ब्रिटनला जाऊन आलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांची वर्कप्लेस पेन्शनची पुंजी त्यांचीच राहते. नॅशनल इन्शुरन्सची नोंद १० वर्षांपेक्षा कमी असेल, तर स्टेट पेन्शन मिळत नाही आणि भरलेली वर्गणी परतही मिळत नाही.

आतापर्यंत यावर एक स्वस्त उपाय होता. ब्रिटनमध्ये तीन वर्षे काम केलेल्यांपैकी अनेकांना परदेशातून ऐच्छिक 'क्लास २' वर्गणी भरून नोंद पूर्ण करता येत असे. त्यासाठी २०२५-२६ मध्ये आठवड्याला अवघे ३.५० पौंड पडत. ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातून ही वर्गणी भरणे बंद झाले. आता आठवड्याला १८.४० पौंडांची 'क्लास ३' वर्गणी भरावी लागते आणि नव्या अर्जदारांसाठी ब्रिटनमधल्या वास्तव्याची किंवा वर्गणीची अट १० वर्षांची झाली आहे. आधीपासून वर्गणी भरणाऱ्यांसाठी संक्रमणाचे वेगळे नियम आहेत.

पात्र असलेल्यांसाठी गणित अजूनही वाईट नाही. एका वर्षाची वर्गणी सुमारे ९५७ पौंड. त्यातून पेन्शनमध्ये वर्षाला साधारण ३५८ पौंडांची भर पडते. पेन्शन गोठली, तरी तीन वर्षांच्या आत भरलेले पैसे वसूल होतात. मात्र ती जागा भरून खरेच पेन्शन वाढते का, हे सरकारी संकेतस्थळावरच्या पेन्शन अंदाजात आधी तपासायला हवे.

परतण्यापूर्वी काय पाहावे?

कर : भारत-ब्रिटन करारानुसार भारतात रहिवासी ठरलेल्या व्यक्तीच्या स्टेट पेन्शनवर आणि खासगी नोकरीच्या पेन्शनवर भारतात कर लागतो. सरकारी सेवेच्या पेन्शनचे कलम वेगळे आहे. पुंजीतून मिळणारी २५ टक्के रक्कम ब्रिटनमध्ये करमुक्त आहे, म्हणून ती भारतातही करमुक्त असेल, असे गृहीत धरू नये.

पुंजी हलवणे : ब्रिटनच्या कर विभागाची मान्यता नसलेल्या परदेशी योजनेत पैसे वळवले, तर किमान ४० टक्के कर लागू शकतो. 'सगळी पेन्शन भारतात आणून देतो' असे सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहिलेले बरे.

उशिरा घेणे : ब्रिटनमध्ये स्टेट पेन्शन पुढे ढकलली, तर दर नऊ आठवड्यांना ती १ टक्क्याने वाढते. भारतात राहून पुढे ढकलली, तर ही भर सहसा पेन्शनच्या वयाला लागू असलेल्या जुन्या दरावरच मोजली जाते.

कागदपत्रे : स्टेट पेन्शन आपोआप सुरू होत नाही, अर्ज करावा लागतो. नंतर हयातीचा दाखला मागणारा फॉर्म येतो. तो परत पाठवला नाही, तर पेन्शन थांबते. म्हणून पत्ता बदलल्याचे सरकारला आणि प्रत्येक जुन्या पेन्शन कंपनीला कळवलेले असावे.

परत जाणे : पेन्शनर ब्रिटनमध्ये कायमचा राहायला गेला, तर चालू दर पुन्हा लागू होतो. काही आठवड्यांच्या भेटीत तो दर तेवढ्यापुरताच मिळतो, भारतात परतल्यावर जुना दर पुन्हा सुरू होतो.

एकंदरीत, भारतात परतण्याचा खर्च काढताना आजच्या दोन आकड्यांची बेरीज पुरेशी नाही. स्टेट पेन्शन ही आज ठरणारी आणि तिथेच थांबणारी रक्कम आहे. ८५ व्या वर्षी औषधपाणी आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार ज्यातून भागवायचा, तो वाढता आधार वर्कप्लेस पेन्शनमधून किंवा स्वतःच्या बचतीतूनच उभा करावा लागतो. तो किती हवा, हे ब्रिटनमधली नोकरी सुरू असतानाच ठरवलेले बरे. तेव्हा वर्गणी वाढवता येते, नोंदीतल्या जागा भरता येतात. एकदा पुण्याचे तिकीट काढले, की यातले फारसे काही हातात राहत नाही.